अ‍ॅडज्युडिकेटरने आमच्या बाजूने निकाल दिला, मेन काँट्रॅक्टर पैसे देत नाही. कोर्टात किती दिवस, किती खर्च?

ड्रायलायनर_रीडिंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रकरण इंग्लंडमधलं आहे. आम्ही सब-काँट्रॅक्टर, पार्टिशन आणि सीलिंगचं काम. जेसीटीचा (तिकडच्या बांधकामातला ठरीव नमुना) सब-काँट्रॅक्ट. इंटरिम अ‍ॅप्लिकेशन क्र. ९ वर मेन काँट्रॅक्टरने ना पेमेंट नोटीस (किती देणं लागतं ते) दिली, ना वेळेत पे-लेस नोटीस (कमी का देणार ते). अ‍ॅडज्युडिकेशन केलं (तटस्थ तज्ज्ञाकडून वादाचा झटपट निर्णय). निर्णय: १,८४,६०० पौंड, त्यावर काँट्रॅक्टप्रमाणे व्याज, आणि अ‍ॅडज्युडिकेटरची फी ११,७५० पौंड त्यांनी भरायची. ७ दिवसांची मुदत उलटली, एक पेनी आलेली नाही. फी त्यांनी भरली नाही म्हणून अ‍ॅडज्युडिकेटरने बिल आमच्याकडे पाठवलं आणि ते आम्ही भरून टाकलं.

त्यांच्या वकिलाच्या पत्रात चार मुद्दे आहेत (यातलं 'आम्ही' म्हणजे मेन काँट्रॅक्टर):
१) आमच्या व्हॅल्युएशन तज्ज्ञाचा अहवाल अ‍ॅडज्युडिकेटरने बघितलाच नाही, म्हणून नैसर्गिक न्यायाचा भंग झाला.
२) 'आम्ही अधिकारक्षेत्राबाबतचे सर्व हक्क राखून ठेवले होते.'
३) कामाची खरी किंमत ठरवायला आम्ही दुसरं अ‍ॅडज्युडिकेशन सुरू केलं आहे. त्याचा निर्णय येईपर्यंत थांबा, मग वजावट करू.
४) तुमची कंपनी तोट्यात आहे. पैसे दिले आणि पुढे परत मागायची वेळ आली तर तुम्ही देऊ शकणार नाही, म्हणून कोर्टाकडून स्थगिती घेऊ.

यातलं खरंच काय चालतं? कोर्टात नेमकं काय दाखल करायचं? की थेट वाइंडिंग-अप पिटिशन (कंपनी गुंडाळण्याचा अर्ज) टाकावी?

---

कलम_१०८

आधी कोर्टाची नजर कशी असते ते ध्यानात घ्या, म्हणजे चारही मुद्द्यांची किंमत आपोआप कळेल. १९९६ च्या हाउसिंग ग्रँट्स, कन्स्ट्रक्शन अँड रिजनरेशन अ‍ॅक्टच्या कलम १०८ नुसार अ‍ॅडज्युडिकेटरचा निर्णय तात्पुरता बंधनकारक असतो. पुढे कोर्ट, लवाद किंवा तडजोड यांतून वेगळं ठरलं तर तो बदलतो, तोपर्यंत पाळायचाच. कायदा १ मे १९९८ ला लागू झाला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये मॅकॉब विरुद्ध मॉरिसन या पहिल्याच प्रकरणात न्या. डायसन यांनी दिशा ठरवून दिली. निर्णय चुकीचा आहे असं म्हणून पैसे अडवता येत नाहीत. कॅरिलियन विरुद्ध डेव्हनपोर्ट (२००५) मध्ये अपील कोर्टाने तेच आणखी स्पष्ट सांगितलं: बहुतेक सगळ्या प्रकरणांत हरलेल्याने आधी पैसे द्यावेत, भांडण नंतर करावं. गंमत म्हणजे तो निकाल जिंकणारी कॅरिलियन स्वतःच जानेवारी २०१८ मध्ये बुडाली आणि तिचे हजारो सब-काँट्रॅक्टर पैशाविना राहिले. म्हणून या क्षेत्रात वेळेला फार किंमत आहे.

अडवायला दारं दोनच. अ‍ॅडज्युडिकेटरला अधिकारच नव्हता, किंवा प्रक्रिया ठळकपणे अन्यायकारक होती. आकडेमोड चुकली, कायदा चुकला, काँट्रॅक्टचा अर्थ चुकला, हे त्यात बसत नाही. बुईग विरुद्ध डाल-येन्सन (२०००) मध्ये अ‍ॅडज्युडिकेटरची रिटेन्शनची (रोखून ठेवलेल्या रकमेची) चूक उघड दिसत होती. तरी कोर्टाने निर्णय वैध धरला, कारण प्रश्न योग्य होता, उत्तर चुकलं होतं.

मुद्दा १. तुमचा निर्णय 'स्मॅश-अँड-ग्रॅब' प्रकारचा आहे. म्हणजे नोटीस आली नाही, म्हणून मागितलेली रक्कम कलम १११ खाली देय झाली. त्यात कामाची खरी किंमत किती हा प्रश्नच उद्भवत नाही. अ‍ॅडज्युडिकेटरने 'तज्ज्ञाचा अहवाल या वादाला गैरलागू आहे' असं एका ओळीत जरी लिहिलं असेल तरी त्याने बचाव विचारात घेऊन फेटाळला असा अर्थ होतो. निर्णय उघडा आणि ते वाक्य कुठल्या परिच्छेदात आहे ते शोधा. ते असेल तर हा मुद्दा तिथेच संपला.

पण ते वाक्य नसेल तर सावध व्हा. पायलॉन विरुद्ध ब्रेयर (२०१०) मध्ये अ‍ॅडज्युडिकेटरने 'हा बचाव माझ्या कक्षेबाहेर' म्हणून बाजूला ठेवला आणि निर्णयाची अंमलबजावणी नाकारली गेली. डाउन्स रोड विरुद्ध लक्ष्मणभाई (२०२१) मध्येही मालकाचा कॅपिंग बीमच्या दोषाबद्दलचा बचाव जाणूनबुजून न तपासल्यामुळे निर्णय टिकला नाही. फरक असा: अनवधानाने एखादा युक्तिवाद सुटला तर सहसा चालतं. प्रश्न महत्त्वाचा आणि निकालावर परिणाम करणारा असून 'मी हे बघणार नाही' अशी चुकीची भूमिका घेतली तर चालत नाही.

मुद्दा ३. हा त्यांचा सगळ्यात लंगडा मुद्दा. एस अँड टी विरुद्ध ग्रोव्ह (२०१८, अपील कोर्ट) मध्ये मालकाला खऱ्या किमतीचं अ‍ॅडज्युडिकेशन करता येतं असं ठरलं. पण आधी नोटिशीची रक्कम भरायची, मग दुसरं सुरू करायचं. बेक्सहीट विरुद्ध एसेक्स सर्व्हिसेस (२०२२) मध्ये तेच पुन्हा सांगितलं. हेन्री विरुद्ध अलू-फिक्स (२०२३) तर तुमच्यासारखंच आहे: पैसे न भरता सुरू केलेल्या दुसऱ्या अ‍ॅडज्युडिकेशनला अधिकारक्षेत्रच नाही. त्या दुसऱ्या अ‍ॅडज्युडिकेटरला आजच पत्र लिहून हा आक्षेप नोंदवा. नुसता नोंदवू नका, 'आक्षेप राखून भाग घेत आहोत' हे प्रत्येक निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.

एका निर्णयासमोर दुसरा वजा करणं हाही प्रकार कोर्टाला रुचत नाही. एफके कन्स्ट्रक्शन विरुद्ध आयएसजी रिटेल (२०२३) बघा. आयएसजी पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली. वर वेळेबद्दल लिहिलं ते यासाठीच.

---

रोखठोक

एवढा कायदा कशाला? २१ दिवसांची स्टॅट्युटरी डिमांड (पैसे भरा अशी कायदेशीर नोटीस) द्या, मग पिटिशन. बँकेला कळलं की खाती गोठतात, दुसऱ्या दिवशी पैसे.

---

कलम_१०८

रोखठोक, हा सल्ला बरेच जण देतात आणि पुष्कळदा तो अंगाशी येतो. वाइंडिंग-अप पिटिशन हे वसुलीचं हत्यार नाही. कर्जावर प्रामाणिक आणि ठोस वाद आहे किंवा तेवढ्याच रकमेचा खरा उलट दावा आहे असं दिसलं तर इन्सॉल्व्हन्सी कोर्ट पिटिशन जाहीर करायला मनाई करतं आणि खर्च पिटिशन टाकणाऱ्यावर बसवतं. 'आधी पैसे, मग वाद' हे धोरण टीसीसीत (बांधकामाचे वाद ऐकणाऱ्या कोर्टात) जितकं ठाम आहे तितकं तिथे नाही. खऱ्या किमतीच्या उलट दाव्याला तिथे कान मिळू शकतो. शिवाय पिटिशन यशस्वी झाली तरी तुम्ही असुरक्षित घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहता, तुमच्यासाठी वेगळा चेक कोणी फाडत नाही. आधी टीसीसीचा हुकूम घ्या. तो हातात असूनही पैसे आले नाहीत तर पिटिशनचं वजन वेगळं असतं.

मुद्दा २ राहिला होता. 'सर्व हक्क राखून' हे वाक्य आता जवळजवळ प्रत्येक उत्तरात छापील मजकुरासारखं असतं. ब्रेस्को विरुद्ध लॉन्सडेल (२०१९, अपील कोर्ट) मध्ये लॉर्ड जस्टिस कोल्सन यांनी याचा नीट उलगडा केला. आक्षेप शक्य तितका स्पष्ट आणि वेळेवर घ्यायला हवा. मोघम राखीव हक्काचा उपयोग होऊ शकतो, पण त्या वेळी आक्षेपाचं कारण माहीत असून किंवा माहीत असायला हवं असून पुढच्यासाठी झाकून ठेवलं तर कोर्ट ते ऐकत नाही. आणि एक-दोन ठराविक आक्षेप नोंदवून भाग घेतला तर बाकीचे सोडून दिले असं समजलं जातं. तेव्हा त्यांना परत विचारा: 'नेमका आक्षेप काय, आणि तो कुठल्या तारखेच्या पत्रात घेतला?' उत्तर आलं नाही तर ते न आलेलं उत्तरच तुमचा पुरावा.

तुमच्या बाजूने मात्र खालच्या गोष्टी प्रामाणिकपणे तपासा. निर्णय पडतात ते यांच्यामुळेच:

- नोटीस ऑफ अ‍ॅडज्युडिकेशनमध्ये कंपनीचं नाव काँट्रॅक्टमधलंच आहे का? ग्रुपमधली दुसरी कंपनी लिहिली गेली तर अख्खं प्रकरण कोसळतं.
- अ‍ॅडज्युडिकेटर नेमणारी संस्था काँट्रॅक्टमध्ये लिहिलेलीच होती का?
- नोटिशीपासून ७ दिवसांत रेफरल (तुमचा सविस्तर दावा) पोहोचला का?
- रेफरलपासून २८ दिवसांत निर्णय झाला का? तुमच्या एकट्याच्या संमतीने १४ दिवस वाढतात, त्यापुढे दोघांची लागते. ती संमती लेखी आहे का? दिवस मोजताना शनिवार-रविवार धरायचे. ख्रिसमस, गुड फ्रायडे आणि बँक हॉलिडे सोडायचे. मुदतीनंतर घेतलेला निर्णय निर्णयच नाही.
- काम कलम १०५ च्या 'बांधकाम' व्याख्येत बसतं का? पार्टिशन-सीलिंग बसतं, तुम्हाला चिंता नाही. वीज, तेल-वायू, रसायन वगैरे प्रकल्पांतल्या प्लांट-मशिनरीच्या उभारणीला मात्र कायद्यात वगळलेलं आहे.

---

दप्तरदार

आता कागद. इथे लोक दोन चुका करतात. साधा दावा दाखल करून महिनोन्महिने बसतात, नाहीतर अ‍ॅडज्युडिकेशनची सहा बॉक्स फाइल जशीच्या तशी कोर्टात नेऊन टाकतात.

टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन कोर्ट, म्हणजे टीसीसी, याची या कामासाठी वेगळी जलद वाट आहे. तिची कृती टीसीसी गाइडच्या नवव्या भागात दिली आहे. लंडनशिवाय बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, कार्डिफ, लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर आणि न्यूकॅसललाही टीसीसीची केंद्रं आहेत. हे सगळं एकदम दाखल करायचं:

१) क्लेम फॉर्म. वरच 'अ‍ॅडज्युडिकेशन एन्फोर्समेंट' असं ठळक लिहा. मागणी पैशाच्या हुकमाची असल्यामुळे प्रोसीजर रूल्सच्या भाग ७ खाली दावा टाकतात.
२) पार्टिक्युलर्स ऑफ क्लेम. चार-पाच पानं पुरतात. काँट्रॅक्ट, वाद, नेमणूक, निर्णय, न दिलेली रक्कम, व्याज.
३) एन २४४ अर्ज. यात तीन गोष्टी मागायच्या: भाग २४ खाली समरी जजमेंट (पूर्ण खटल्याशिवाय झटपट निकाल), मुदती कमी करणं, आणि प्रतिवादीने अ‍ॅक्नॉलेजमेंट (दावा मिळाल्याची पोच) दाखल करण्याआधीच समरी जजमेंटचा अर्ज करण्याची परवानगी. ही तिसरी ओळ हमखास राहते. नियमाने दावेदाराला अ‍ॅक्नॉलेजमेंटपर्यंत थांबावं लागतं. परवानगी मागितली नाही तर जलद वाट पहिल्याच वळणावर अडते.
४) साक्षीपत्र आणि त्याला जोडलेली कागदपत्रं: काँट्रॅक्ट, नोटीस, नेमणुकीचं पत्र, रेफरल, रिस्पॉन्स, अधिकारक्षेत्रावरचा सगळा पत्रव्यवहार, निर्णय, आणि निर्णयानंतरची पत्रं. रेफरलची जाडजूड परिशिष्टं नकोत. फोटो, मोजमापं, साइट डायऱ्या यांचा इथे काही उपयोग नाही. उलट त्या दिल्या की समोरचा गुणदोषांवर बोलायला लागतो.
५) हुकमाचा मसुदा.

यात प्री-अ‍ॅक्शन प्रोटोकॉल (दाव्याआधीची पत्रं-बैठकांची पद्धत) पाळावा लागत नाही, एन्फोर्समेंट त्यातून वगळलेलं आहे. 'आधी प्रोटोकॉलची बैठक घेऊ' असं त्यांच्या वकिलाने लिहिलं तर तो वेळकाढूपणा समजा.

कागद गेल्यावर न्यायाधीश बहुधा तीन कामाच्या दिवसांत निर्देश देतात: अ‍ॅक्नॉलेजमेंट कधी, त्यांचा पुरावा कधी, तुमचं प्रत्युत्तर कधी, सुनावणी कधी. सुनावणी निर्देशांपासून साधारण चार आठवड्यांत असावी असा संकेत आहे. कोर्टावर ताण असेल तर सहा-आठ आठवडे धरून चाला. सुनावणी सहसा दोन-तीन तासांची. निर्देशांचा हुकूम मिळाला की तो त्याच दिवशी प्रतिवादीला बजावा, नोंदणीकृत पत्त्यावर आणि काँट्रॅक्टमधल्या पत्त्यावरही. बजावणीत एक दिवस चुकला की सगळं वेळापत्रक सरकतं.

आकडे मांडताना:

कोर्ट फी: १०,००० ते २ लाख पौंडांच्या दाव्याला ५ टक्के. तुमचे १,८४,६०० अधिक ११,७५० म्हणजे १,९६,३५०, त्यावर ९,८१७.५० पौंड. व्याज धरून २ लाखांच्या वर गेलात तरी फी १०,००० वरच थांबते. अर्जाची फी वेगळी.

व्याज: जेसीटीत बेस रेटवर ५ टक्के, सरळव्याज. दिवसाचा आकडा लिहा. समजा बेस रेट ४ टक्के आहे, तर ९ टक्क्यांनी वर्षाला १६,६१४ आणि दिवसाला ४५.५२ पौंड. सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश विचारतातच, तेव्हा कॅल्क्युलेटर शोधायला नको.

व्हॅट: १ मार्च २०२१ पासून बांधकामात डोमेस्टिक रिव्हर्स चार्ज आहे, म्हणजे व्हॅट काम घेणारा थेट भरतो. तो तुमच्या कामाला लागू असेल तर दाव्यात व्हॅट घालू नका. सीआयएसची (बांधकामातली आगाऊ करकपात) २० टक्के कपात तुम्हाला लागते का, की ग्रॉस स्टेटस (कपात नाही) आहे, हेही साक्षीपत्रात एका वाक्यात लिहा. कपात लागत असेल तर ती मजुरीच्या भागावर, मालावर नाही. हा हिशोब आधीच मांडला नाही तर सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी 'रक्कमच चुकीची आहे' असं पत्र येतं.

फी आणि व्याज निर्णयातच दिलेलं आहे ना, तेही बघा. कारकुनी चूक असेल तर अ‍ॅडज्युडिकेटर ती स्वतः दुरुस्त करू शकतो. स्कीम (कायद्याखालची ठरीव नियमावली) लागू असेल तर निर्णय दिल्यापासून ५ दिवसांत. आता तुमचे ते दिवस उलटले असणार.

वकिलाचा खर्च जिंकणाऱ्याला मिळतो, पण सहसा पूर्ण नाही. बचाव अगदीच पोकळ ठरला तर कोर्ट इंडेम्निटी तत्त्वावर खर्च देतं, तेव्हा बराच मोठा भाग निघतो. म्हणून त्यांच्या पत्राला आत्ताच शांतपणे मुद्देसूद उत्तर देऊन ठेवा: ग्रोव्ह, बेक्सहीट, अलू-फिक्स, आणि 'तरीही लढलात तर इंडेम्निटी कॉस्ट मागू' हे वाक्य. तेच पत्र पुढे खर्चाच्या अर्जाला जोडता येतं.

---

ड्रायलायनर_रीडिंग

खूप आभार. निर्णयाच्या परिच्छेद ४१ मध्ये 'तज्ज्ञाचा अहवाल वाचला, या वादासाठी गैरलागू' असं स्पष्ट आहे. नाव, नेमणूक, मुदती सगळं ठीक. पण मुद्दा ४ ची धास्ती आहे. मागच्या वर्षीच्या ताळेबंदात देणी मालमत्तेपेक्षा ६२,००० पौंडांनी जास्त दिसतात. काँट्रॅक्ट झाला त्या वर्षी हा फरक ४८,००० होता.

---

ताळेबंद

मग तुम्ही समजता तेवढे वाईट अवस्थेत नाही. स्थगितीबद्दलचे नियम विंबल्डन विरुद्ध व्हेगो (२००५) मध्ये एकत्र मांडले आहेत आणि अजून तेच चालतात. थोडक्यात असं: दावेदार कंपनी लिक्विडेशनमध्ये असेल, किंवा ती दिवाळखोर असल्याबद्दल वाद नसेल, तर स्थगिती सहसा मिळते. नुसती 'परतफेड करू शकणार नाही अशी शक्यता' एवढ्याने लगेच मिळत नाही. आणि ती शक्यता सिद्ध झाली तरीही दोन परिस्थितींत सहसा नाही: (क) दावेदाराची आर्थिक स्थिती काँट्रॅक्ट करताना होती तशीच किंवा साधारण तशीच आहे, (ख) आजची वाईट अवस्था मोठ्या प्रमाणात प्रतिवादीने पैसे न दिल्यामुळेच आली आहे.

तुम्हाला दोन्ही लागू होतात असं दिसतं. ४८,००० वरून ६२,००० म्हणजे १४,००० चा फरक, आणि अडकलेत १,८४,६००. फक्त हे तोंडी सांगून चालत नाही. आकडे कागदावर, एका अकाउंटंटच्या किंवा फायनान्स डायरेक्टरच्या साक्षीपत्रात हवेत:

- काँट्रॅक्टच्या तारखेला कंपनीज हाउसवर (कंपन्यांच्या सरकारी नोंदणीत) तुमचे जे हिशोब दिसत होते, ते आणि आताचे, शेजारी शेजारी. मेन काँट्रॅक्टरने त्यांवरून तुमची परीक्षा करूनच काम दिलं, हा मुद्दा इथे उभा राहतो.
- गेल्या १२ महिन्यांचे मॅनेजमेंट अकाउंट्स, आणि त्यात ही थकबाकी कुठल्या महिन्यापासून कशी जाणवते ते.
- बँक सुविधा, ओव्हरड्राफ्टची मर्यादा, चालू असलेल्या कामांची यादी आणि त्यांतली शिल्लक रक्कम.
- एचएमआरसीचं (ब्रिटिश करखात्याचं) देणं असेल तर लपवू नका. हप्ते ठरलेले असतील तर तो करार जोडा. लपवलेलं नंतर बाहेर आलं की सगळ्या साक्षीपत्रावरचा विश्वास जातो.

लक्षात घ्या, स्थगिती मागायची तर पुरावा द्यायची जबाबदारी त्यांची आहे. क्रेडिट रेटिंग एजन्सीच्या एका पानावर बरेच वकील भिस्त ठेवतात, आणि कोर्ट त्याला फारशी किंमत देत नाही. पण तुम्ही गप्प बसलात तर तेच एक पान कोर्टासमोर उरतं.

गॉसव्हेनर विरुद्ध आयगुन (२०१८, अपील कोर्ट) हे प्रकरण समोरच्यांचे वकील हमखास काढतील. त्यात विंबल्डनच्या यादीत एक नियम वाढवला: दावेदार पैसे मुद्दाम इकडे-तिकडे वळवून परतफेड टाळेल असा खरा धोका पुराव्याने दिसला तर स्थगिती देता येते. तिथे बनावट बिलांचे आणि विसंगत हिशोबांचे गंभीर आरोप होते आणि स्थगिती टिकली. तुमच्या बाबतीत असं काही नसेल तर साक्षीपत्रात साधं वाक्य घाला: पैसे मिळाल्यावर ते कुठे जातील. पुरवठादारांची थकीत बिलं, कामगार, बँक. संचालकांना डिव्हिडंड किंवा ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीला कर्ज जाणार असेल तर आत्ताच विचार बदला.

समजा कोर्ट तरी साशंक राहिलं, तर सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. काही रक्कम लगेच द्यायची आणि बाकी कोर्टात जमा, किंवा तुमच्या बाजूने हमी, असे मधले हुकूम होतात. कोर्टात जमा झालेला पैसा तुमच्या पगाराच्या दिवशी उपयोगी पडत नाही, पण मेन काँट्रॅक्टरच्या हातातून तो बाहेर पडतो. लढण्याची त्यांची हौस तिथेच कमी होते.

---

कलम_१०८

ताळेबंद यांनी छान लिहिलंय. एक धोका अजून कोणी सांगितला नाही, आणि माझ्या मते त्या चारही मुद्द्यांपेक्षा तो मोठा आहे: प्रोसीजर रूल्सच्या भाग ८ चा उलट दावा.

स्मॅश-अँड-ग्रॅबमध्ये सगळी इमारत एका कागदावर उभी असते, तुमच्या अ‍ॅप्लिकेशन क्र. ९ वर. ती ठरलेल्या तारखेला गेली का, ठरलेल्या पत्त्यावर किंवा ई-मेलवर गेली का, 'ही रक्कम या तारखेला देय आहे आणि ती अशी काढली' हे त्यात स्पष्ट होतं का. हे मुद्दे अ‍ॅडज्युडिकेटरने चुकीचे ठरवले असतील तर एरवी त्याला इलाज नाही. पण हटन विरुद्ध विल्सन (२०१७) नुसार मुद्दा लहान, स्वतंत्र, तोंडी पुराव्याशिवाय सुटणारा असेल, अ‍ॅडज्युडिकेशनमध्ये उपस्थित केलेला असेल, आणि त्याकडे दुर्लक्ष करणं अन्यायाचं होणार असेल, तर प्रतिवादी भाग ८ खाली त्यावर कायमचा निकाल मागू शकतो आणि कोर्ट तो एन्फोर्समेंटबरोबरच ऐकू शकतं. अ‍ॅप्लिकेशन एक दिवस लवकर गेली, हा असाच मुद्दा आहे. तेव्हा काँट्रॅक्टमधलं पेमेंट शेड्यूल, ई-मेलची वेळ आणि अ‍ॅप्लिकेशनचं पहिलं पान शेजारी ठेवून तपासा. पेमेंट नोटीस देय तारखेनंतर ५ दिवसांत, पे-लेस जेसीटीत अंतिम तारखेच्या ५ दिवस आधी. हे दिवस पुन्हा एकदा बोटांवर मोजा.

त्यांनी तसा उलट दावा वेळेत, नीट मसुदा करून आणला नाही आणि साक्षीपत्रात नुसता उल्लेख केला, तर कोर्ट सहसा दाद देत नाही.

---

नाशिक_इन्फ्रा

चांगला धागा. इकडे महाराष्ट्रात असं काही आहे का? आमच्या एका काँट्रॅक्टमध्ये डिस्प्युट बोर्डाचा निर्णय आला आहे आणि मालक ढिम्म.

---

दप्तरदार

थोडक्यात: नाही. भारतात बांधकामासाठी असा अ‍ॅडज्युडिकेशनचा कायदा नाही. डीआरबी किंवा डीएबीचा (डिस्प्युट बोर्डाचा) निर्णय ही काँट्रॅक्टमधली गोष्ट, लवादाचा निवाडा नाही. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३६ खाली हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी होते ती निवाड्याची. तेव्हा तुमच्या काँट्रॅक्टमधला कलमक्रम बघा. फिडिकवर (आंतरराष्ट्रीय नमुना काँट्रॅक्ट) आधारलेला असेल तर 'बोर्डाचा निर्णय पाळला नाही' एवढाच वाद लवादाकडे नेता येतो, पुन्हा बोर्डाकडे जावं लागत नाही. १९९९ च्या पुस्तकात ते २०.७ (निर्णय अंतिम झाला असेल तरच), २०१७ च्या पुस्तकात २१.७. लवादाकडे त्या एका मुद्द्यावर अंतरिम निवाडा मागा, म्हणजे निदान तो कलम ३६ मध्ये बसतो. मुदतीत असमाधानाची नोटीस गेली होती का, हे मात्र आधी बघा. न जाता मुदत उलटली असेल तर निर्णय अंतिम झालेला असतो आणि तुमचं काम पुष्कळ सोपं होतं.

एमएसएमई (लघु-मध्यम उद्योग) कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा रस्ता लोक सुचवतील. तिथल्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, हे खरं. पण वर्क्स काँट्रॅक्ट त्या कायद्यात बसतो का यावर मुंबई उच्च न्यायालयाचे प्रतिकूल निकाल आहेत, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय तिकडे वळू नका.

---

ड्रायलायनर_रीडिंग

अ‍ॅप्लिकेशनची तारीख तपासली, शेड्यूलप्रमाणेच आहे. ई-मेल ठरलेल्या पत्त्यावर, दुपारी २:१० ला. शेवटचा प्रश्न: हुकूम मिळाला आणि तरी पैसे आले नाहीत तर?

---

ताळेबंद

हुकमात वेगळं लिहिलं नसेल तर मुदत १४ दिवस. कोर्टाकडे कमी मागता येते, आणि समोरची कंपनी डळमळीत असेल तर मागाच. हायकोर्टाच्या रकमेवर जजमेंट्स अ‍ॅक्टचं ८ टक्के व्याज निकालाच्या दिवसापासूनच सुरू.

वसुलीचे मार्ग समांतर चालवता येतात. मालमत्तेवर जायचं तर रिट ऑफ कंट्रोल (जप्तीचा हुकूम) आणि हायकोर्ट एन्फोर्समेंट ऑफिसर. पण मेन काँट्रॅक्टरकडे साइटवर स्वतःचं असं फारसं काही नसतं, क्रेन आणि स्कॅफोल्ड बहुधा भाड्याचे. थर्ड पार्टी डेट ऑर्डर जास्त उपयोगी: त्यांचं बँक खातं, किंवा त्यांना मालकाकडून येणं असलेली रक्कम. त्यासाठी कुठल्या मालकाकडून कधी पैसे येणार हे माहीत असावं लागतं. ते साइटवरच्या लोकांना बहुतेक वेळा ठाऊक असतं, आतापासून टिपून ठेवा. ऑर्डर लागते ती बँकेला बजावली त्या वेळी खात्यात असलेल्या रकमेवरच, म्हणून मालकाचं पेमेंट जमा होण्याच्या दिवसाचा नेम धरावा लागतो. खातं रिकामं असताना अर्ज केला तर फी वाया आणि समोरचा सावध.

आणि मधल्या काळात त्यांच्याकडून हप्त्यांचा प्रस्ताव आला तर साध्या ई-मेलवर 'ठीक' लिहू नका. कन्सेंट ऑर्डर करून घ्या: हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम व्याजासकट लगेच देय. कोर्टाचा शिक्का असलेली.